कातळातील पाणी आणि संशोधक
वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम फ्रेंच अभियंता आँरी दार्सी याने १८५६ साली मांडला. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली मात्र बेसाल्टचा काळा कातळ आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणूनच एका विहिरीला पाणी, तर शेजारची कोरडी! १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढत गेल्या. या भेगांचे गणित मात्र अद्याप पुरते सुटलेले नाही. भूशास्त्र, भौतिकी वा गणित शिकलेल्या तरुणाला पीएच.डी.साठी याहून निकडीचा विषय कोणता? परंतु त्यासाठी विद्यापीठांनी त्याला चार पावसाळे विहिरींच्या काठी काढू दिले पाहिजेत. केवळ ग्रंथालयात बसून लिहिलेला प्रबंध पदवी देईल. कोरड्या विंधनविहिरीपायी होणारे शेतकऱ्याचे कर्ज टाळणार नाही.