नदीत जाण्यापूर्वी सांडपाण्याची व्यवस्था

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर माहूरच्या डोंगराजवळून वाहते आणि पुढे वर्धा नदीस मिळते. पावसाळ्यात दुथडी भरणाऱ्या या नदीत वैशाखात जागोजागी डोहच काय ते उरतात. त्या डोहांवर गुरे, मासे व काठची माणसे अवलंबून असतात. नवरात्रास व दत्तजयंतीस माहुरास यात्रेकरूंची दाटी होते. माणसे वाढली की सांडपाणीही वाढते.

नाली बांधली की सांडपाण्याचा प्रश्न मिटला, असा समज पुष्कळ गावी आढळतो. वास्तविक नालीने घाण नाहीशी होत नाही. ती आपल्या दारातून ओढ्यात व ओढ्यातून नदीत जाते. स्वच्छ नदीच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. घाण कुजविणारे सूक्ष्म जंतू तोच वापरतात, आणि एक लिटर मैलापाण्यातील घाण कुजण्यास २०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक प्राणवायू खर्ची पडतो. म्हणजे एका घागरीतील मैलापाणी नदीच्या पंचवीस घागरींतील सारा प्राणवायू संपवू शकते. मग मासे मरतात, पाण्यास दुर्गंधी येते. पटकी व कावीळ यांचे जंतू पसरतात ते वेगळेच.

शुद्धीकरण केंद्रात हेच कुजणे नदीबाहेर घडवून आणतात. लहान शहरास, जागा उपलब्ध असल्यास, उथळ तळ्यांची मालिका सोयीची पडते. पहिल्या तळ्यात गाळ बसतो. पुढच्या, पुरुषभर खोलीच्याही आतल्या तळ्यांत उन्हामुळे हिरवे शेवाळ वाढते, ते प्राणवायू सोडते व जंतू घाण फस्त करतात. यास वीज लागत नाही, आणि मराठवाड्यात उन्हाची वाण नाही! मात्र काही वर्षांनी गाळ उपसावा लागतो. तो न उपसल्यास तळे डबके बनते.

सर्वच पाणी तळ्यापर्यंत नेण्याचे कारण नाही. नांदेड जिल्ह्यातच हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन नाल्यांची गरजच संपविली व डासांचा उपद्रव घालविला. २०१५-१६ च्या सुमारास ही पद्धत रोजगार हमी योजनेतून जिल्हाभर पसरली आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यात ओळखली गेली. चार फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात वरच्या अंगास छिद्रे असलेली सिमेंटची टाकी बसवून भोवती दगड भरतात. गाळ टाकीत बसतो, निवळ पाणी छिद्रांवाटे दगडांत व तेथून जमिनीत मुरते. शौचालयाचे पाणी यात मुळीच सोडू नये. त्यासाठी दोन खड्ड्यांचे शौचालय वेगळे असावे. विहिरीपासून ५० फूट अंतर ठेवावे. मुरमाड जमिनीत पाणी चटकन मुरते, पण चिकण काळ्या जमिनीत खड्डा भरून राहतो. म्हणून तेथे ग्रामसेवकांनी आधी एक खड्डा खणून, पाणी ओतून पाहावे. मुरत नसल्यास परसात केळी वा अळू लावून पाणी तिकडे वळवावे.

तळ्यातून बाहेर पडणारे पाणी कापूस, चारा व झाडे यांस द्यावे. कच्च्या खाण्याच्या मुळा, कोथिंबिरीस ते देऊ नये.