दिवाळीनंतरचं काम

दिवाळी जवळ आली की आमच्या कार्यशाळेचा फोन थांबत नाही. कोणाला दोनशे रंगवलेल्या पणत्या हव्या असतात, कोणाला उटण्याच्या पुड्या, एखाद्या आयटी कंपनीला कर्मचाऱ्यांना वाटायला आकाशकंदील. सोसायट्या आवारात टेबल मांडायला बोलावतात. ‘या मुलांनी केलंय’ म्हटलं की एरवी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारे पुणेकरही भाव न करता पैसे काढतात. मग भाऊबीज होते आणि त्यानंतर थेट राखीपौर्णिमेपर्यंत आमच्याकडे कोणी फिरकत नाही.

मी पुण्यातल्या एका कार्यशाळेत प्रौढ बौद्धिक दिव्यांगांना काम शिकवते. आमच्याकडे डाउन सिंड्रोम असलेले आहेत, स्वमग्न आहेत, काहींना जोडीला फिट्स येतात. वयं अठरापासून पन्नाशीपर्यंत. मदतीला मावशी आणि एक सर आहेत. मला सगळे ताई म्हणतात, पन्नाशीचे गृहस्थसुद्धा. पणत्या आम्हीही रंगवतो. पण पणत्या रंगवता येणाऱ्या माणसाला बाराही महिने कोण काम देणार, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

विशेष शाळा अठराव्या वर्षी सुटते. तोपर्यंत डबा असतो, गणवेश असतो, स्नेहसंमेलन असतं. एकोणिसाव्या वर्षी मुलगा घरी बसतो, आई नोकरी सोडते, टीव्ही दिवसभर चालू राहतो आणि मुलाचं वजन वाढायला लागतं. पाच-सहा वर्षं अशी गेली की शाळेत शिकलेली बटणं लावणंही सुटतं. अशा वेळी पालक आमच्याकडे येतात. जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ पाहून गलबलून गेलेले पुष्कळ लोक मला भेटतात. त्या नाटकाने असं घर रंगमंचावर आणलं, हे मोठंच. पण असा मुलगा मोठा झाल्यावर सकाळी दहा वाजता कुठे जाणार, हा साधा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हाताचं काम शिकवायला १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट खडकीला आहे. पाय गेलेल्या जवानाला बसून करायचं काम शिकवावं, हे तेव्हाच पटलेलं होतं. ज्याची बुद्धी सावकाश चालते त्यालाही शिकवता येतं, हे पटायला जास्त काळ गेला. सिंधुताई जोशींनी १९६४ साली पुण्यात ‘कामायनी’ सुरू केली, तेव्हा अशी मुलं घरच्या आतल्या खोलीत असत. आज गोखलेनगरला ‘कामायनी’ म्हटलं की रिक्षावाला पत्ता विचारत नाही.

आता काम म्हणजे नेमकं काय ते सांगते. भोसरीच्या एका छोट्या कारखान्याकडून आम्हाला जॉबवर्क मिळतं. पडद्याच्या रॉडबरोबर जी छोटी पिशवी येते ती भरायची: चार स्क्रू, चार गिट्ट्या, दोन वॉशर. तुम्ही-आम्ही ते गप्पा मारत करू. आमच्याकडच्या निम्म्याहून अधिक जणांना चारापर्यंत खात्रीने मोजता येत नाही. एक, दोन, तीन, चार म्हणतील, पण हातात स्क्रू पाचही असू शकतील. पूर्वीच्या पद्धतीने आधी अंक शिकवायचे आणि मग काम द्यायचं म्हटलं, तर आयुष्य अंकांतच जाईल. म्हणून सुताराकडून प्लायवूडची फळी करून घेतली. तिच्यात दहा खाचा: चार लांबट, चार गोल आणि खोल, दोन चपट्या. प्रत्येक खाचेत एक वस्तू. खाच रिकामी दिसली की काम बाकी आहे, सगळ्या भरल्या की फळी तिरकी करून नसराळ्यातून पिशवीत ओतायचं. मोजणी लाकडात गेली, माणूस कामाला मोकळा झाला.

शिकवताना आम्ही शेवटाकडून सुरुवात करतो. पहिल्या आठवड्यात पिशवी मी भरते, शिकणारा फक्त पायाचं पॅडल दाबून सीलिंग मशीनवर ती बंद करतो आणि खोक्यात टाकतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून पुरं झालेलं काम त्याच्या हातून खोक्यात पडतं. मग ओतणं त्याच्याकडे जातं, मग गिट्ट्या, मग स्क्रू. सुरुवातीला त्याच्या हातावर माझा हात, मग फक्त कोपराला स्पर्श, मग बोटाने खूण, मग काहीच नाही. यातली सगळ्यात अवघड पायरी शेवटची, आणि ती अवघड शिक्षकाला जाते. समोरचा अडला की हात आपोआप पुढे जातो. नव्या शिक्षिकांना मी सांगते, हात पाठीमागे बांधून उभ्या राहा.

तपासणीसाठी डिजिटल काटा आहे. बरोबर भरलेल्या पिशवीचं वजन ठरलेलं असतं. ते आकडे मोठ्या अक्षरांत लिहून काट्याशेजारी चिकटवले आहेत. वाचता न येणारी एक मुलगी काट्यावरची आणि कागदावरची आकृती जुळते का पाहते आणि न जुळणारी पिशवी लाल टोपलीत टाकते. कारखान्याच्या सुपरवायझरला तिचा धाक आहे, कारण एकदा त्याने स्वतः भरून आणलेला नमुनाही तिने लाल टोपलीत टाकला होता.

शिकवण्याची ही रीत काही आमच्या डोक्यातून आलेली नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या माणसाने, ज्यांना काहीच येणार नाही असं लिहून दिलं गेलं होतं अशा लोकांकडून सायकलचा पंधरा भागांचा ब्रेक जोडून घेतला. त्याचं म्हणणं असं की माणूस शिकत नसेल तर शिकवण्याची रीत बदलून पाहा. आणि बोला कमी. हे दुसरं आपल्याकडे फार जड जातं. ‘हं, घे बाळा, शाब्बास, आता दुसरा घे, असा नाही रे राजा’ ही अखंड धार ज्याच्या कानावर पडते, त्याने कामाकडे बघायचं कधी?

पिशव्या भरणं जमलं म्हणजे नोकरी जमली असं मात्र नाही. माल संपला तर कोणाला सांगायचं? आमचा एक जण माल संपला की हात मांडीवर ठेवून संध्याकाळपर्यंत शांत बसून राहायचा. घरी त्याला ‘गुणी’ म्हणत. कारखान्यात त्याला आळशी म्हणाले असते. त्याला ‘संपलं’ म्हणून हात वर करायला शिकवण्यात जेवढे दिवस गेले तेवढे पिशवी भरायला शिकवण्यात गेले नाहीत. एक जण दाराशी पाऊल वाजलं की उठून नमस्कार करायला जातो. पाहुणे खूश होतात, काम राहतं. त्याची खुर्ची आम्ही दाराकडे पाठ करून ठेवली. शिवाय चहाच्या सुट्टीत परक्याच्या डब्यात हात न घालणं, आवडली तरी मुलीचा हात न धरणं, कोणी अंगाला हात लावला तर मोठ्याने ‘नको’ म्हणणं. हे ‘नको’ पालकांना रुचत नाही, कारण तो शब्द मग घरीही ऐकू येतो.

आणि बस. कार्यशाळेत यायला गाडी असते, नोकरीवर जायला नसते. प्रवासही आम्ही तसाच पायरीपायरीने शिकवतो. आधी शेजारच्या सीटवर मी, मग मागच्या सीटवर, मग मागच्या दाराशी अनोळखी असल्यासारखी, आणि शेवटी बसच्या मागे माझी स्कूटर. पीएमपीच्या पाटीवरचा नंबर ओळखायचा, उतरायची खूण पक्की करायची. खूण निवडताना विचार करावा लागतो. दुकानाची पाटी बदलते, फ्लेक्स तर रोज बदलतात. पूल, पुतळा, वडाचं झाड चालतं. सगळं बसलं की गणपती येतात. रस्ते बंद होतात, बस भलतीकडून वळते, कर्वे पुतळा दिसतच नाही आणि आमचा पठ्ठ्या डोळ्यांत पाणी आणून बसून राहतो. म्हणून आता ‘चुकलो तर’चा वेगळा धडा असतो: गळ्यातलं कार्ड कंडक्टरला दाखवायचं आणि खाली उतरायचं नाही. मार्च २०२२मध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली ती आमच्यातल्या काहींना फार सोयीची पडली. तिचा रस्ता गणपतीतही बदलत नाही आणि स्टेशनचं नाव ती स्वतः सांगते.

एक गोष्ट वर्षानुवर्षं बघत आले आहे. वस्तीतून येणारा मुलगा नळावर पाणी भरून आलेला असतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा लिटर दूध आणतो, बहिणीच्या बाळाला सांभाळतो. कोथरूडच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमधून येणाऱ्याला स्पीच थेरपी, पोहणं, तबला सगळं मिळालेलं असतं, पण कांदा कापता येत नाही, कारण सुरी हातात दिलेलीच नसते. प्रेम दोन्ही घरांत आहे. पहिल्या घराला मुलाच्या हातांची गरज पडली, एवढाच फरक.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण पालक तिथेच अडखळतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, आणि सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात पहिल्यांदा बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न व्यक्तींना वाटा मिळाला. त्यासाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. दुसरी गोष्ट बहुतेकांना बँकेत गेल्यावर कळते: मूल अठराचं झालं की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तो सत्तराव्या वर्षी घाईने करण्यापेक्षा आधी करावा.

आता आमच्या क्षेत्रातलं भांडण. अशा वेगळ्या कार्यशाळा असाव्यात की नसाव्यात? भारताने २००७ साली मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करार सांगतो की दिव्यांगांनी इतरांबरोबर, खुल्या बाजारात काम करावं. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर दिव्यांगांसाठी रेम्प्लॉय नावाचे सरकारी कारखाने निघाले होते. त्यांतले शेवटचे २०१३मध्ये बंद झाले. कारखाने बंद झाले तशी सगळ्यांची बाहेर सोय झाली, असं काही झालं नाही. आपल्याकडे १९४८च्या किमान वेतन कायद्यातच अशी सोय होती की सरकारला वाटल्यास दिव्यांग कामगारांना त्या वेतनातून वगळता येईल. म्हणजे कामाचे पैसे देताना आखडता हात घ्यायला कागदोपत्री वाट होती.

माझं मत मी पालकसभेत सांगते आणि काही जण नाराज होतात. ज्याला बाहेर जाता येईल त्याला आम्ही कार्यशाळेत ठेवता कामा नये, भले तो आमचा सगळ्यात चांगला कामगार असो. खरी मेख तिथेच आहे: सर्वांत चटपटीत चौघं गेले तर भोसरीची ऑर्डर वेळेत कोण पुरी करणार? ज्यांना बाहेर जमणार नाही त्यांच्यासाठी कार्यशाळा हवीच, आणि कोळवणच्या साधना व्हिलेजसारखं प्रौढांचं घरही हवं. पण सोयीसाठी कोणाला अडकवून ठेवणं वेगळं.

आमचा एक जण आता एका बेकरीत केकची खोकी घडी करून लावतो. पहिले पंधरा दिवस मी तिथे जात होते, आणि शिकवावं लागलं ते त्याला कमी, इतरांना जास्त. तिथली पोरं दयेपोटी त्याची खोकी स्वतःच करून टाकत. मालकाला त्याच्याबरोबर फोटो हवा होता. ‘फोटो नंतर, आधी हजेरीपटावर नाव,’ असं मी म्हटलं. एकदा तो उशिरा आला तेव्हा कोणी काही बोललं नाही. मी मालकाला बाजूला घेऊन सांगितलं, इतरांना जसं झापता तसं यालाही झापा. ते जरा कचरले. पुढच्या आठवड्यात झापलं. दुसऱ्या दिवसापासून तो दहा मिनिटं आधी यायला लागला, आणि पोरांनी त्याला चहाच्या वर्गणीत धरलं.

सध्या आमचं अडलंय ते पगारावर. पैसे त्याच्या खात्यात जमा होतात, एटीएम कार्ड वडिलांच्या पाकिटात. वडील सज्जन आहेत. ‘ताई, त्याला पैशाचं काय कळतंय, त्याच्याच नावाने एफडी करतोय,’ म्हणतात. एफडी करावीच. पण त्याला हवाय निळ्या पट्ट्याचा मोबाइल, आणि शनिवारी पोरांबरोबर वडापाव खाल्ला की आपली वर्गणी स्वतःच्या खिशातून द्यायचीये. आम्ही तीन कप्प्यांचं पाकीट शिवलं आहे, शंभरच्या, पन्नासच्या आणि दहाच्या नोटांसाठी, वर रंगीत चित्रं लावून. वडिलांना पुढच्या बुधवारी बोलावलंय. आठवड्याला दोनशे रुपये तरी त्याच्या हातात द्या, एवढीच मागणी आहे. ते शंभरवर येतील असा माझा अंदाज आहे.