भूकंपात इमारत किती सरकेल? ‘डॅम्पिंग’चे गणित समजून घ्या

पंचवटीसह नाशिक शहर ‘आयएस १८९३ : २०१६’ या मानकानुसार भूकंप क्षेत्र ३ मध्ये येते.

डॅम्पिंग म्हणजे काय?
ढकलणे थांबवले की झोका हळूहळू थांबतो. इमारतही हादऱ्याची ऊर्जा अशीच जिरवते. मानकात हे प्रमाण ५ टक्के धरले आहे.

‘समतुल्य’ कशासाठी?
भेगा पडल्या, सळया ताणल्या की इमारतीचा ताठपणा घटतो. पण ऊर्जा जास्त जिरते. ही जादा ऊर्जा अभियंते वाढीव डॅम्पिंग म्हणून गणितात घेतात.

धोका कुठे?
हा आकडा फुगवला, तर इमारतीचे सरकणे कागदावर कमी दिसते. शेजारच्या इमारतींमधील अंतर अपुरे राहून त्या एकमेकींवर आदळू शकतात. म्हणून फ्लॅट घेताना हे अंतर जरूर विचारा.