नळाचे पाणी जाते कुठे?

आमच्या पाचोऱ्यात नळाला पाणी आले की गल्लीत हाक उठते, "पानी उनं, पानी उनं!" हातातले काम टाकून बायामाणसे हंडे-घागरी घेऊन धावतात. उन्हाळ्यात खानदेशातल्या पुष्कळ गावांना रोज पाणी मिळत नाही. मग पाणीपट्टी भरताना माणूस म्हणतो, "पाणी थोडं, पट्टी मात्र पुरती!" हे असे का होते, ते आज आपण पाहू.

पाऊस फुकट पडतो, पण नळाचे पाणी फुकट येत नाही. गिरणा नदीवर नांदगाव तालुक्यात मोठे धरण आहे. ते सन १९६९ मध्ये पूर्ण झाले. उन्हाळ्यात त्यातून नदीत पाणी सोडतात. त्याला आवर्तन म्हणतात. वाटेत काही पाणी वाळूत मुरते, काही उन्हाने उडून जाते. उरलेले नदीकाठच्या गावांना मिळते. मग ते पंपाने उचलायचे, तुरटी घालून निवळायचे, गाळायचे, क्लोरीनने जंतू मारायचे आणि उंच टाकीत चढवायचे. ह्याला वीज लागते, औषध लागते, माणसे लागतात. तो खर्च पाणीपट्टीतून भागवायचा असतो.

आता हिशेब करू. समजा, टाकीतून १०० घागरी पाणी निघाले. घागरीमागे खर्च १ रुपया, म्हणजे एकूण १०० रुपये. पण पाइप जुने, सांधे सैल. ३० घागरी वाटेतच जमिनीत जिरल्या. घरी पोचल्या ७०. खर्च मात्र शंभराचाच. तो सत्तरांवर वाटला, तर घागरीला सुमारे १ रुपया ४३ पैसे पडले. हे वरचे ४३ पैसे गळतीचे. चोरून जोडलेल्या नळांचा भारही असाच इमानदारीने पट्टी भरणाऱ्यावर पडतो. पट्टी वसूल झाली नाही, तर दुरुस्तीला पैसा उरत नाही. दुरुस्ती झाली नाही की गळती वाढते.

केंद्र सरकारने सन २००८ मध्ये शहरांसाठी माप ठरवून दिले. माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे. वाया जाणारे आणि ज्याचे पैसे येत नाहीत असे पाणी शंभरात विसापेक्षा जास्त नसावे. आता एकच गळका सांधा घ्या. त्यातून मिनिटाला एक लिटर पाणी जाते असे धरू. दिवसाचे झाले १,४४० लिटर. म्हणजे दहा माणसांचे पाणी एक सांधा पिऊन गेला!

पैशाचे नुकसान एक वेळ सोसता येते. दुसरे सोसवत नाही. ज्या भोकातून पाणी बाहेर जाते, त्याच भोकातून घाण आत येते. पाणी चालू असते तेव्हा जोर आतून बाहेर असतो. पाणी बंद झाले की पाइपातला जोर जातो आणि शेजारच्या गटाराचे पाणी आत झिरपते. कोणी नळाला मोटार लावली, तर ती ही घाण ओढूनच घेते.

आम्ही नोकरीत असताना एका गावी असेच झाले. शाळेजवळ नळाचा पाइप गटारातून गेला होता. तेथे कायम ओल असे. आम्ही ती रोज ओलांडून जात असू. त्या पावसाळ्यात एकेक करून अकरा मुलांना कावीळ झाली. एक मुलगी वाचली नाही. पाइप जोडणे हे एका दिवसाचे काम होते. ओल आम्हाला दिसत होती. सांगायचे मात्र आमच्याकडून राहिले.

जिथे जमिनीखालून गटारे आहेत, तिथे आणखी एक तोटा होतो. फुटक्या गटारात पावसाचे आणि जमिनीत मुरलेले चांगले पाणी शिरते. मग घाण पाण्याबरोबर तेही पंपाने उपसावे लागते, शुद्ध करावे लागते. तो खर्चही शेवटी गावावरच येतो.

ह्यावर उपाय आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळ मलकापूर नावाचे गाव आहे. तेथे सन २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी देण्याची योजना सुरू झाली. प्रत्येक नळाला मीटर बसवले. जो जास्त पाणी वापरील, त्याला दर जास्त. पाइपात सतत जोर राहिला, तर बाहेरची घाण सहजी आत येत नाही. मीटर असला, तर किती पाणी निघाले आणि किती पोचले, हेही कळते.

सगळीकडे हे लगेच होणार नाही. पण आपल्या हाती काय आहे? नळाला तोटी बसवावी. नळाला मोटार लावू नये. पाण्याला वास आला किंवा ते गढूळ दिसले, तर ते पिऊ नये. नगरपालिकेला कळवावे आणि पिण्याचे पाणी खळखळ उकळून घ्यावे. रस्त्यात विनाकारण ओल दिसली, तर त्याच दिवशी अर्ज द्यावा. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. दोन ओळी पुरेत : कोठे गळते आणि केव्हापासून गळते. खाली सही करावी. दुसरा कोणी सांगेल म्हणून थांबू नये. आम्ही थांबलो होतो.