चूक जेव्हां नियम होते

संगणकाची भाषा सुधारणें म्हणजे कोऱ्या कागदावर नवें व्याकरण लिहिणें, असें सहज वाटतें. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं.

जावास्क्रिप्टचेंच उदाहरण घ्या. तिचें पहिलें रूप १९९५ सालीं ब्रेंडन आईक यांनीं अवघ्या दहा दिवसांत उभें केलें. तींत ‘नल्’ म्हणजे अभाव. पण त्याचा प्रकार विचारल्यास उत्तर येतें, ‘वस्तु’! ही उघड चूक १९९७ च्या पहिल्या प्रमाणग्रंथांत नियम होऊन बसली. पुढें ती सुधारण्याचा प्रस्ताव आला, तोहि नाकारावा लागला. कारण त्याच उत्तरावर विसंबलेलीं संकेतस्थळें बंद पडत होतीं.

यादींतील पोटयाद्या सलग करणाऱ्या नव्या क्रियेस ‘फ्लॅटन’ हें नांव योजिलें होतें. मूटूल्स या जुन्या साधनसंचानें तेंच नांव आधीं वापरल्यामुळें कांहीं स्थळें मोडूं लागलीं. तेव्हां २०१८ सालीं समितीनें ‘फ्लॅट’ हें नांव पत्करलें.

जुनीं पानें लिहिणारे केव्हांच दुसऱ्या उद्योगास लागले; त्यांची दुरुस्ती कोण करणार? म्हणूनच प्रमाण ठरविणाऱ्यांस शुद्धतेहून दिलेला शब्द पाळणें अधिक मोलाचें मानावें लागतें.