साताऱ्याच्या गादीला वारस होता

सातारा संस्थान बेवारस झालं म्हणून खालसा झालं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पोटचा मुलगा नव्हता हे खरं, वारस नव्हता हे मात्र साफ खोटं. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब महाराज अंथरुणावर शेवटच्या घटका मोजत होते. त्याच दिवशी त्यांनी एक मुलगा दत्तक घेतला आणि मग डोळे मिटले. धर्मशास्त्राने दत्तक हा मुलगाच. शिवाय या गादीला दत्तक काही नवा नव्हता. थोरल्या शाहूंच्या पश्चात आलेले रामराजे दत्तक, त्यांच्यामागून आलेले धाकटे शाहूही दत्तक. प्रतापसिंह आणि आप्पासाहेब हे दोघे भाऊ याच धाकट्या शाहूंचे मुलगे. त्यांच्यापैकी प्रतापसिंहांशी इंग्रजांनी २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह केला आणि राज्य त्यांना, त्यांच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना कायमचं लिहून दिलं. दत्तकाच्या मुलाशी तह चालतो, मग त्याच घरातला पुढचा दत्तक का चालू नये? रेसिडेंट फ्रिअर आणि मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांचंही मत दत्तकाच्या बाजूनेच होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते मानलं नाही.

दत्तक नाकारून संस्थान खालसा करण्याची युक्ती डलहौसीचीच, असंही सर्रास म्हटलं जातं. तो जानेवारी १८४८ मध्ये हिंदुस्थानात आला. आंग्र्यांचं कुलाबा त्याआधीच, १८४० मध्ये गिळलं गेलं होतं. त्याने हत्यार घडवलं नाही, सपाट्याने चालवलं.

‘इंग्रजांचा रिवाजच तसा होता’ ही तिसरी समजूत. त्यांच्याकडे पिढीजात किताब दत्तकाला आजही मिळत नाही, हे खरंच. खुद्द डलहौसीला १८४९ मध्ये मिळालेला ‘मार्क्वेस’ हा किताब १८६० मध्ये त्याच्याबरोबरच संपला, कारण मागे दोन मुलीच होत्या. घराण्याचा जुना ‘अर्ल’ किताब चुलतभावाकडे गेला. पण किताब म्हणजे राणीने दिलेला मान आणि सातारा म्हणजे तहाने बांधलेलं राज्य. तिथला रिवाज इथे लावायला आधार काय होता?

सांगली जिल्ह्यात निपुत्रिक संस्थानिकांच्या प्रश्नाचे दोन्ही निकाल दिसतात. पटवर्धनांची तासगावची शाखा १८४८ मध्येच खालसा झाली. सांगलीचे तात्यासाहेब १९०१ मध्ये निपुत्रिक वारले, तरी १९०३ मध्ये विनायकराव दत्तक आले आणि चिंतामणराव या नावाने १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत गादीवर राहिले. मधल्या काळात १८५७ घडलं होतं आणि कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या होत्या. धर्मशास्त्र दोन्ही वेळी तेच होतं, बदलली ती सरकारची गरज.

विलीनीकरणाबरोबर संस्थानिकांची मान्यताही गेली, असं अनेकांना वाटतं. ती आणि त्यांना सरकारकडून मिळणारे तनखे गेले १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने. त्या तनख्यांच्या यादीत सातारा नव्हतंच. साताऱ्यात आजही लोक ‘महाराज’ म्हणतात ते छत्रपतींच्या घराण्याविषयीच्या आदराने. त्यामागे कुठलाही सरकारी किताब नाही.