वस्तीवरच्या वडीलधाऱ्यांसाठी मदतीचे बटण : घेण्यापूर्वी काय पाहावे



गेल्या गळीत हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातील एका वस्तीवर घडलेली ही गोष्ट. नाव सांगत नाही. घरधनी रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी द्यायला गेलेले, घरच्या बाई लग्नाला माहेरी, थोरला नातू पुण्यास नोकरीला. घरात एकट्या आजी, वय ऐंशीच्या पुढे. पहाटे न्हाणीत पाय घसरला आणि त्या खुब्यावर पडल्या. हाका मारल्या, पण शेजारच्या फडात गाडी भरायचा गलका, त्यात ट्रॅक्टरचा टेप. कुणाच्या कानावर हाक गेली नाही. घरधनी आठ वाजता परत आले तेव्हा आजी ओल्या फरशीवर कुडकुडत पडल्या होत्या.

नातवाने गळ्यात घालायचे मदतीचे बटण सहा महिन्यांपूर्वीच आणून दिले होते. ते देव्हाऱ्याशेजारी खुंटीला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून टांगलेले होते. "एवढी महागाची वस्तू, पाण्यानं खराब व्हायची," म्हणून आजींनीच ते जपून ठेवले होते!

आजी वाचल्या, खुब्याचे ऑपरेशन झाले. पण ही हकिगत कळल्यापासून बरेच सभासद आम्हाला विचारतात की असले बटण घ्यावे का, आणि कोणते घ्यावे. म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पडण्याइतकेच वाईट असते ते तसेच पडून राहणे. तास-दोन तास एका अंगावर पडून राहिले तर दबलेले स्नायू खराब होऊन त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो, अंग गार पडते, पाण्यावाचून शोष पडतो. म्हणून पडलेल्या माणसापाशी लवकर कुणीतरी पोचणे हेच खरे काम, आणि बटण हे त्याचे एक साधन. १९७० नंतरच्या दशकात जर्मनी व अमेरिकेत ही साधने निघाली. घरच्या टेलिफोनला एक पेटी जोडायची आणि बटण माणसाच्या गळ्यात. आपल्याकडे खेड्यातले तारेचे फोन बहुतेक गेले, त्यामुळे आता यात मोबाईलचे सिमकार्ड असते.

आमचे मत असे की यंत्र निवडण्याच्या आधी माणूस निवडावा. बटण दाबल्यावर फोन कुणाला जाणार? पुण्या-मुंबईच्या मुलाला गेला तर तो तिथून दुसऱ्याला फोन लावणार, तोवर अर्धा तास गेला. महिन्याची वर्गणी घेऊन शहरातल्या केंद्रातून उत्तर देणाऱ्या कंपन्याही आहेत. शहरात त्यांचा उपयोग होत असेल, पण त्यांच्या माणसाला आपली चारी आणि आपला पाणंद रस्ता काय ठाऊक? वर्गणी भरण्यापूर्वी त्यांना सरळ विचारावे, "आमच्या वस्तीवर रात्री दोन वाजता कोण येणार?" उत्तर गुळमुळीत आले तर पैसे वाचवावेत. पहिला नंबर शेजारच्या वस्तीवरील धडधाकट माणसाचा घालावा, दुसरा भावकीतल्या कुणाचा, मुलाचा तिसरा. पहिली दोन्ही माणसे एकाच रात्री पाण्यावर जाणारी नसावीत. घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्यावी. आतून कडी लावायची सवय असेल तर ती बाहेरून काढता येईल अशी करून घ्यावी, नाहीतर मदतीला आलेला माणूस दारातच उभा राहायचा.

आता यंत्राचे. आपल्यापैकी पुष्कळांच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. सिमकार्डाचे मदतीचे बटण त्याच जातीचे समजा. स्टार्टरचे रिचार्ज संपले की मोटर चालू होत नाही, रेंज नसली तरी होत नाही, तेच इथे. फरक एवढाच की मोटर बंद राहिली तर दुसऱ्या दिवशी कळते. म्हणून रिचार्ज शक्यतो वर्षाचे मारावे आणि संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. काही स्वस्त यंत्रे फक्त टूजीवर चालतात. जिओला टूजी नाही, त्यामुळे त्यांचे कार्ड अशा यंत्रात चालणार नाही. वस्तीवर ज्या कंपनीची रेंज घराच्या आत, न्हाणीतसुद्धा मिळते, त्याच कंपनीचे कार्ड घ्यावे. अंगणात रेंज आहे म्हणून भागत नाही.

पाण्याचे तर दुकानदाराला निक्षून विचारावे. म्हातारी माणसे पडतात ती पुष्कळदा न्हाणीत आणि संडासच्या वाटेवर, म्हणजे जिथे बटण काढून ठेवायची सवय असते तिथेच. अंघोळीत गळ्यात राहील असे बटण नसेल तर ते घेऊ नये. शिवाय ते म्हाताऱ्या माणसासमोर बादलीत बुडवून दाखवावे, म्हणजे त्यांची भीती जाईल.

आपोआप पडणे ओळखणारी घड्याळेही निघाली आहेत. ॲपल कंपनीच्या घड्याळात २०१८ पासून ही सोय आहे. माणूस जोरात पडला आणि मिनिटभर हालला नाही तर घड्याळ स्वतःच फोन लावते. बेशुद्ध झालेल्यासाठी हे चांगलेच. पण भिंतीला धरून हळूच खाली बसलेले माणूस त्याला ओळखू येईलच असे नाही, आणि घड्याळाला बहुधा रोज चार्जिंग लागते. ज्या घरात विजेचाच भरवसा नाही तिथे याच्यावर एकट्यावर विसंबू नये.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र कुणी सांगत नाही. तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात बिनतारी बेल मिळते. तिचे बटण आजोबांच्या उशाशी किंवा न्हाणीत खालच्या अंगाला, पडल्यावर हात पोचेल असे, आणि बेल शेजारच्या घरात. सिम नको, रिचार्ज नको. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते, भिंती आल्या की ते बरेच घटते. तेव्हा लावून वाजवून पाहावे. भावकीची घरे एका आवारात असतील तिथे आम्ही आधी हीच सांगू.

कुणाचाच फोन लागला नाही तर ११२ आहेच. १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला संकटाचे बटण असण्याचा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चे बटण दाबून धरायचे. फोन ११२ ला लागला की मी-मी करून गोंधळू नये, गाव आणि वस्ती आधी सांगावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. काही जिल्ह्यांतील गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. तीत एक फोन केला की आपलाच आवाज गावातल्या नोंदलेल्या मोबाईलवर एकदम जातो. आपले गाव तीत आहे का ते ग्रामपंचायतीत विचारावे.

एवढे करूनही बटण दाबले जाईलच असे नाही. इंग्लंडात केंब्रिज येथे नव्वदीपुढच्या लोकांची वर्षभर पाहणी केली, तिचा अहवाल २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. एकटे असताना पडले आणि उठता येईना, अशांपैकी ज्यांच्याकडे बटण होते त्यांतल्याही बहुतेकांनी ते दाबलेच नाही. कुणी ते अंगावर घातले नव्हते, कुणाला दुसऱ्याला त्रास द्यायचा नव्हता, कुणाला दवाखान्याची धास्ती. म्हणजे साहेबाची म्हातारीही आपल्या आजींसारखीच! यावर उपाय म्हणून दर बाजारच्या दिवशी बटण एकदा मुद्दाम दाबायला लावावे. सवय होते, संकोच मोडतो आणि बॅटरी, रिचार्जही तपासून होते. वर सांगितलेल्या आजी आता तुळशीच्या माळेबरोबर बटण घालतात आणि दर गुरुवारी दाबतात. शेजारचा मुलगा फोन उचलून म्हणतो, "आजी, चहा टाका, आलोच."

राहिला पत्ता. वस्तीला घर नंबर नसतो. कोणत्या रस्त्याने, कितव्या चारीवरून, कोणत्या डीपीपासून आत, हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवावे. घेत असलेल्या गोळ्यांची नावेही त्याच कागदावर. कागद लिहायला अडचण वाटली तर आपल्या गटाच्या चिटबॉयची मदत घ्यावी, त्याला प्रत्येक प्लॉटची वाट पाठ असते. आणि हंगामात उसाच्या गाड्या वस्तीच्या तोंडाशी लावताना एका वाहनापुरती वाट मोकळी ठेवावी, अशी वाहतूकदार सभासदांना आमची आग्रहाची विनंती आहे.